कंदाहारच्या आवारात कापलेल्या चिलखती गाड्या : अतिरिक्त लष्करी वाहनांच्या विल्हेवाटीचा एक प्रकरण अभ्यास

जून २०१३ मध्ये 'वॉशिंग्टन पोस्ट'ने दिलेल्या एका बातमीमुळे अमेरिकी लष्कराचा अफगाणिस्तानातला एक व्यवहार एकदम चर्चेत आला. माघारीच्या तयारीत असलेल्या लष्कराने तोवर सुमारे १७ कोटी पौंड, म्हणजे ७७ हजार टनांच्या आसपास, वाहने आणि इतर सामान मोडून भंगारात काढले होते. सुमारे ७ अब्ज डॉलरचे सामान यापुढे नको आहे किंवा परत नेणे परवडत नाही, असे ठरले होते. या सामानात सुरुंगरोधक चिलखती गाड्या, ज्यांना एमरॅप म्हणतात, जवळपास २ हजार होत्या. त्या वेळी अफगाणिस्तानात अशा सुमारे ११ हजार गाड्या होत्या, तेव्हा साधारणपणे दर साडेपाच गाड्यांमागे एक गाडी अतिरिक्त ठरली होती.

बातमी वाचून उमटलेली पहिली प्रतिक्रिया सरळ होती : ही करदात्यांच्या पैशांची उधळपट्टी आहे. संरक्षण खात्याचे उत्तरही तितकेच सरळ होते : ज्या गाड्यांची पुढे गरज नाही त्या परत नेऊन दुरुस्त करणे परवडत नाही, त्यापेक्षा जागेवर कापणे स्वस्त पडते. दोन्ही म्हणण्यांत तथ्य आहे आणि दोन्ही अपुरी आहेत. आकडे आणि तारखा शेजारी शेजारी मांडून पाहिल्या, तर गाड्या कापण्याचा निर्णय त्या घटकेला समर्थनीय होता, असे माझे मत झाले आहे. पैसा वाया गेला तो त्याच्या आधी, दोन टप्प्यांवर : खरेदी करताना, कारण या गाड्यांचे पुढे काय करायचे याची तरतूदच कुठे नव्हती, आणि माघार जाहीर झाल्यानंतरच्या दोन वर्षांत, कारण निर्णय लांबत गेला तसतसे इतर पर्याय एकेक करून गळून पडले.

घाईची खरेदी

इराकमध्ये २००३ नंतर रस्त्याच्या कडेला पेरलेल्या बॉम्बांनी अमेरिकी सैनिकांचे मोठ्या संख्येने बळी घेतले. त्यांची नेहमीची हमवी गाडी सपाट तळाची असल्याने खालून होणाऱ्या स्फोटाचा सगळा मारा आत बसलेल्यांवर येत असे. यावरचा उपाय ठाऊक नव्हता अशातला भाग नाही. तळ इंग्रजी व्ही अक्षरासारखा निमुळता ठेवला आणि गाडी जमिनीपासून उंच केली, की स्फोटाचा जोर दोन्ही बाजूंना फेकला जातो, हे दक्षिण आफ्रिका आणि ऱ्होडेशिया यांच्या सैन्यांनी १९७० च्या दशकातच वापरून पाहिले होते. फेब्रुवारी २००५ मध्ये अन्बार प्रांतातल्या अमेरिकी मरीन तुकड्यांनी अशा १,१६९ गाड्यांची तातडीची मागणी वर पाठवली होती. ती फाइल पुढे सरकली नाही.

मे २००७ मध्ये संरक्षणमंत्री रॉबर्ट गेट्स यांनी एमरॅप खरेदीला खात्यातले सर्वोच्च प्राधान्य दिले, तेव्हा वाया गेलेली दोन वर्षे भरून काढायची होती. त्यामुळे एका कंपनीच्या एका नमुन्यावर न थांबता, जो कारखाना लवकर गाड्या देईल त्याच्याकडून घ्यायच्या, असे धोरण ठरले. फोर्स प्रोटेक्शनची कूगर, नेव्हीस्टारची मॅक्सप्रो, बीएईच्या आरजी-३३ आणि केमन अशा निरनिराळ्या बनावटीच्या गाड्या एकाच वेळी ताफ्यात दाखल झाल्या. प्रत्येकीचे सुटे भाग वेगळे, देखभालीची पद्धत वेगळी, आणि एकीचा मेकॅनिक दुसरीच्या कामाला लगेच उपयोगी पडेलच असेही नाही. पुढे असेही लक्षात आले की, इराकच्या सपाट रस्त्यांचा विचार करून घेतलेल्या या उंच, अवजड गाड्या अफगाणिस्तानातल्या डोंगरी कच्च्या वाटांवर उलटतात. म्हणून जून २००९ मध्ये ऑशकॉश कंपनीला तुलनेने हलक्या एम-एटीव्ही गाडीचे कंत्राट देण्यात आले. पहिली मागणीच २,२४४ गाड्यांची आणि सुमारे १.०५ अब्ज डॉलरची होती, म्हणजे एका गाडीला ४ लाख ७० हजार डॉलरच्या आसपास. सगळे प्रकार मिळून अमेरिकेने २७ हजारांच्या वर एमरॅप घेतल्या आणि त्यांवर ४५ अब्ज डॉलरहून जास्त खर्च केला.

या पैशाची तरतूद कोणत्या खात्यातून झाली, हा मुद्दा विल्हेवाटीच्या दृष्टीने सर्वांत महत्त्वाचा आहे, आणि नेमका त्याच्याविषयी वर्तमानपत्रांतून फारसे वाचायला मिळाले नाही. एमरॅपसाठीचा पैसा लष्कराच्या नेहमीच्या अंदाजपत्रकातून आला नाही. तो युद्धासाठी वेगळ्या मंजूर होणाऱ्या पूरक तरतुदींतून आला. नेहमीच्या मार्गाने एखादे वाहन ताफ्यात येते तेव्हा ते किती वर्षे चालणार, त्याचे सुटे भाग कुठून मिळणार, दुरुस्ती कोणत्या कारखान्यात होणार आणि शेवटी ते कसे काढून टाकायचे, या सगळ्याचा खर्च आधी मांडावा लागतो. युद्धाच्या पूरक तरतुदीत हे प्रश्न कोणी विचारत नाही, कारण तिथे एकच निकड असते : गाडी लवकरात लवकर आघाडीवर पोहोचली पाहिजे. सैनिकांचे जीव वाचवण्यासाठी घाईने गाड्या घेणे चूक होते असे यातून निघत नाही, आणि त्या वेळी निर्णय घेणाऱ्यांना मागे बसून दोष देणे सोपे आहे. परंतु युद्ध संपेल त्या दिवशी या २७ हजार गाड्यांपैकी किती ठेवायच्या, हा प्रश्न २००७ मध्ये नाही तरी २००९ मध्ये, म्हणजे दुसऱ्या देशासाठी दुसऱ्या प्रकारच्या गाड्या घेताना, विचारता आला असता. तसा तो विचारला गेल्याचे त्या खरेदीच्या रचनेत कुठे दिसत नाही.

माघारीचा हिशेब

राष्ट्राध्यक्ष बराक ओबामा यांनी जून २०११ मध्ये अफगाणिस्तानातून टप्प्याटप्प्याने सैन्य काढून घेण्याची घोषणा केली. फेब्रुवारी २०१३ मध्ये, वर्षभरात आणखी ३४ हजार सैनिक परत येतील असे सांगितले. आणि लढाऊ मोहीम डिसेंबर २०१४ अखेर संपणार हे ठरले. माणसे विमानात बसून परत जातात, सामानाचे तसे नसते. अमेरिकी संसदेच्या हिशेबतपासणी कार्यालयाने डिसेंबर २०१२ मध्ये काढलेल्या अहवालानुसार अफगाणिस्तानात साडेसात लाखांहून अधिक मोठ्या लष्करी वस्तू होत्या, त्यांची किंमत ३६ अब्ज डॉलरहून जास्त होती, आणि त्यांत सुमारे ५० हजार वाहने होती. शिवाय ९० हजारांहून अधिक कंटेनर वेगळेच. हे सगळे परत नेणे, दुसऱ्याला देणे किंवा मोडणे यासाठी ५.७ अब्ज डॉलर लागतील, असा संरक्षण खात्याचा अंदाज होता.

याच अहवालातला आक्षेप या प्रकरणाच्या गाभ्याशी आहे. जी वस्तू गरजेपेक्षा जास्त आहे ती परत नेण्याचा खर्च किती आणि परत नेल्यास तिचा उपयोग किती, याची तुलना करून तशी नोंद ठेवण्याची शिस्त लष्करात आणि मरीन दलात पाळली जात नव्हती. याचा अर्थ असा की, २०११ मध्ये माघार जाहीर झाली, २०१२ संपत आले, आणि तरीही कोणती गाडी नेणे परवडते हे ठरवण्याचे कोष्टक सर्वत्र वापरात नव्हते.

भूगोलाने ही अडचण आणखी वाढवली. अफगाणिस्तानला समुद्रकिनारा नाही. सर्वांत स्वस्त वाट पाकिस्तानातून कराचीच्या बंदराला जाणारी. नोव्हेंबर २०११ मध्ये सीमेवरच्या सलाला चौकीवर झालेल्या नाटोच्या हल्ल्यात २४ पाकिस्तानी सैनिक ठार झाले आणि पाकिस्तानने ही वाट बंद केली, ती जुलै २०१२ मध्ये उघडली. त्या काळात पर्यायी मार्गांमुळे महिन्याला १० कोटी डॉलरचा जादा भुर्दंड पडत असल्याचे तेव्हाचे संरक्षणमंत्री लिऑन पॅनेटा यांनी सांगितले होते. वाट उघडल्यावरही ती भरवशाची राहिली नाही. डिसेंबर २०१३ मध्ये आंदोलनामुळे तोर्खम या सीमेवरच्या नाक्यावरून होणारी परतीची वाहतूक अमेरिकेला थांबवावी लागली. उत्तरेकडचा मार्ग मध्य आशियातल्या अनेक देशांतून आणि पुढे रशियातून जात असे. तो लांबचा, खर्चाचा, आणि लढाऊ सामानासाठी मोकळा नसलेला. त्यामुळे चिलखती गाड्यांच्या बाबतीत पुष्कळदा एकच पर्याय हाती राहत असे : गाडी मालवाहू विमानात चढवायची, दुसऱ्या देशातल्या बंदराजवळ उतरवायची आणि तिथून जहाजाने अमेरिकेला न्यायची.

अशी एक गाडी परत नेऊन पुन्हा वापरण्याजोगी करण्याचा खर्च अडीच लाख ते साडेचार लाख डॉलर सांगितला जात होता. जागेवर कापण्याचा खर्च दहा-बारा हजार डॉलरच्या घरात होता. २ हजार गाड्यांचा हिशेब मांडला तर परत नेण्याला ५० ते ९० कोटी डॉलर, कापण्याला फार तर अडीच कोटी. दोन्हींतली तफावत इतकी मोठी आहे की अंदाजात थोडी चूक धरली तरी निष्कर्ष बदलत नाही. या ५० ते ९० कोटी डॉलरच्या बदल्यात लष्कराला जे मिळाले असते ते आणखी पाहण्यासारखे आहे. सगळ्या एमरॅपपैकी फक्त ८,५८५ ठेवायच्या असा लष्कराचा बेत होता : ५,६५१ एम-एटीव्ही, २,६३३ मॅक्सप्रो डॅश आणि ३०१ मॅक्सप्रो रुग्णवाहिका. बाकीचे प्रकार सांभाळायचे म्हणजे त्यांच्यासाठी वेगळे सुटे भाग आणि वेगळी कोठारे ठेवायची. हमवीची जागा घेणाऱ्या नव्या हलक्या चिलखती गाडीचे कामही समांतर चालू होते. ऑगस्ट २०१५ मध्ये तिचे ६.७ अब्ज डॉलरचे कंत्राट ऑशकॉशलाच मिळाले. अशा परिस्थितीत २ हजार जास्तीच्या गाड्या घरी नेणे म्हणजे नको असलेल्या वस्तूवर आणखी अर्धा अब्ज डॉलर घालणे होते.

इथे '७ अब्ज डॉलर' या गाजलेल्या आकड्याचा विचार केला पाहिजे. सरकारी मालमत्तेच्या यादीत वस्तूची मूळ खरेदी किंमत लिहिलेली असते, आणि बातमीत तीच उतरते. चार वर्षे खडीच्या वाटांवर धावलेली, स्फोटांचे धक्के खाल्लेली, इंजिन आणि गिअरपेटी थकलेली गाडी त्या किमतीची उरत नाही. तिचा घसारा कोणत्याही खाजगी कंपनीने कधीच वजा केला असता. म्हणून ७ अब्ज डॉलर 'जाळले' हे विधान चुकीचे आहे. मात्र हा आकडा गैरसोयीचा वाटला म्हणून संरक्षण खात्यालाही तो चुकीचा ठरवून झटकता येत नाही. कारण हेच खाते एखादी जुनी गाडी दुसऱ्या सरकारी विभागाला देताना आपण किती मोलाची मदत केली ते सांगायला मूळ किंमतच वापरते. देताना शोरूमचा भाव लावायचा आणि टाकताना भंगाराचा, हा खाक्या एकदा पडला की खरी किंमत नेमकी किती, हे ना संसदेला कळते ना करदात्याला.

कापण्याचे काम

नको झालेले लष्करी सामान ताब्यात घेण्याचे काम संरक्षण खात्याच्या पुरवठा संस्थेची विल्हेवाट शाखा करते. तिचे मुख्यालय मिशिगनमधल्या बॅटल क्रीक या शहरात आहे. अफगाणिस्तानात बग्राम, कंदाहार आणि कॅम्प लेदरनेक इथे तिची आवारे होती. आधी गाडीतले रेडिओ, सुरुंगाचे संकेत अडवणारी यंत्रे आणि शस्त्रांचे माउंट अशा नाजूक वस्तू काढून घ्यायच्या आणि मग गाडी आवारात आणायची, असा क्रम. चिलखती गाडी जशीच्या तशी स्थानिक बाजारात विकायची मुभा नसते. जिच्यामुळे उद्या शत्रूला संरक्षण मिळू शकते ती वस्तू पुन्हा जोडता येणार नाही इतकी मोडली पाहिजे, असा नियम आहे. हा नियम मला रास्त वाटतो, आणि ज्या देशात लढाई चालूच होती तिथे तो शिथिल करण्याचा प्रश्नच येत नव्हता.

साध्या ट्रकला कापणारी अवजड यंत्रे या गाड्यांपुढे निकामी ठरली, कारण बॉम्ब झेलण्यासाठी बनवलेले पोलाद ती यंत्रे फाडू शकत नव्हती. त्यामुळे अंगभर जाड अग्निरोधक पोशाख घातलेले मजूर, ज्यांत नेपाळमधून आलेले पुष्कळ होते, खास ज्योतींनी एकेक पत्रा वितळवून गाडीचे तुकडे करत. अफगाणिस्तानच्या उन्हाळ्यात हे काम कसे असेल, याची कल्पना करता येते. भाग सुटा झाला की तो ढिगावर जाई, ढीग वजनावर स्थानिक व्यापाऱ्याला विकला जाई आणि पुढे ते लोखंड बांधकामाच्या किंवा इतर धंद्याच्या कामाला लागत असे.

वजनावर विकल्याने हाती काय येते, याची कल्पना दुसऱ्या एका उदाहरणावरून येते. अफगाण हवाई दलासाठी अमेरिकेने इटालियन बनावटीची २० जी-२२२ मालवाहू विमाने घेतली होती आणि त्या कार्यक्रमावर सुमारे ४८ कोटी ६० लाख डॉलर खर्च झाले होते. सुट्या भागांअभावी ती नीट उडू शकली नाहीत. त्यांपैकी काबूल विमानतळावर उभी असलेली १६ विमाने मोडून भंगार विकले, तेव्हा पौंडाला ६ सेंट या दराने ३२ हजार डॉलर मिळाले. अफगाणिस्तानच्या पुनर्बांधणीवर देखरेख ठेवणारे विशेष महानिरीक्षक जॉन सोप्को यांनी ऑक्टोबर २०१४ मध्ये हे उघड केले. याच दराने १५ टनांच्या चिलखती गाडीचा हिशेब केला तर २ हजार डॉलरसुद्धा येत नाहीत, म्हणजे कापण्याची मजुरीही भंगारातून सुटत नाही. भंगार विकून पैसा उभा करणे हा या व्यवहाराचा हेतू नव्हताच. जागा रिकामी करणे आणि गाडी कोणाच्या हाती लागू न देणे, एवढाच होता.

घेणारे कोण होते

परत नेणे आणि कापणे यांच्यामध्ये तिसरा पर्याय होता : मित्रदेशाला देणे. १९६१ च्या परकीय साहाय्य कायद्याच्या कलम ५१६ प्रमाणे अमेरिका अतिरिक्त लष्करी सामान फुकट किंवा कमी किमतीत दुसऱ्या देशाला देऊ शकते. हे हस्तांतर 'जसे आहे, जिथे आहे' या तत्त्वावर होते, म्हणजे दुरुस्ती आणि वाहतूक घेणाऱ्याने करायची. अफगाणिस्तानातून गाडी उचलून नेण्याचा जो खर्च खुद्द अमेरिकेला परवडत नव्हता तो लहान देशाला कसा परवडावा, हा साधा प्रश्न आहे. त्यातही घेणाऱ्या देशाने मागणी नोंदवायची, त्याच्या अधिकाऱ्यांनी येऊन गाड्या पाहायच्या, अमेरिकी संसदेला पूर्वसूचना द्यायची आणि मग वाहतुकीची जुळवाजुळव करायची, एवढ्याला महिनोन्महिने लागतात. तळ बंद करण्याची तारीख मात्र ठरलेली असते आणि ती कोणासाठी थांबत नाही. ज्या गाड्यांबाबत २०११ मध्येच मित्रदेशांशी बोलणी सुरू झाली असती, त्यांना निदान एक संधी मिळाली असती. २०१३ च्या उन्हाळ्यात ती संधी बहुतेक गाड्यांच्या बाबतीत संपलेली होती.

मागणी अजिबातच नव्हती असे मात्र म्हणता येत नाही, आणि या प्रकरणातली सर्वांत बोचणारी गोष्ट हीच आहे. सप्टेंबर २०१४ मध्ये संयुक्त अरब अमिरातींना ४,५६९ अतिरिक्त एमरॅप देण्याचा अडीच अब्ज डॉलरचा प्रस्ताव अमेरिकी संसदेपुढे ठेवण्यात आला. दुरुस्ती, सुटे भाग आणि प्रशिक्षण धरून एका गाडीला सरासरी साडेपाच लाख डॉलर पडतात, म्हणजे नव्या गाडीच्या किमतीइतकेच. जानेवारी २०१५ मध्ये इराकला २५० गाड्या देण्यात आल्या. अफगाणिस्तानला लागून असलेल्या उझबेकिस्तानला त्याच सुमारास ३०८ गाड्या मिळाल्या. इजिप्तला ७६२ गाड्या द्यायचे ठरले आणि २०१६ मध्ये त्या पोहोचू लागल्या. कंदाहारला कापलेल्या गाड्या याच देशांना विकता आल्या असत्या असा दावा करणे मात्र धाडसाचे होईल. अमिरातींना हव्या असलेल्या गाड्यांचे प्रकार आणि त्यांची अवस्था वेगळी होती, आणि इस्लामिक स्टेटच्या उठावामुळे इराकची गरज २०१४ मध्ये अचानक निर्माण झाली होती. तरीही शेजारच्या उझबेकिस्तानचे उदाहरण विचार करायला लावते. रस्त्याने पोहोचण्याजोग्या अंतरावर घेणारा देश होता. तिथवरचा करार एक-दीड वर्ष आधी झाला असता तर निदान काही शे गाड्यांचा कापण्याचा खर्च वाचला असता, आणि तो वाचवण्यासाठी फार मोठ्या धोरणाची गरज नव्हती.

अफगाण सैन्यालाच या गाड्या का दिल्या नाहीत, असा प्रश्न तेव्हा अनेकांनी विचारला. काही एमरॅप पुढे त्या सैन्याला मिळाल्याही. पण जे सैन्य साध्या ट्रकांची देखभाल परदेशी कंत्राटदारांच्या आधाराने करत होते, त्याच्या गळ्यात डिझेल पिणाऱ्या आणि दहा प्रकारचे सुटे भाग मागणाऱ्या हजारो गाड्या बांधणे म्हणजे त्याच्या तळांवर भंगाराचे नवे आवार उभारणे होते. जी-२२२ विमानांची गत आपण वर पाहिलीच. ऑगस्ट २०२१ मध्ये अमेरिकेच्या शेवटच्या तुकड्यांनी काबूल विमानतळ सोडला तेव्हा स्वतःच्या वापरातल्या ७० पर्यंत एमरॅप निकामी करून ठेवल्या, असे जनरल केनेथ मॅकेंझी यांनी जाहीर केले. त्यामुळे गाड्या मागे ठेवण्याच्या पर्यायाविषयी २०१३ मध्ये दाखवलेली सावधगिरी मला तरी अवाजवी वाटत नाही.

घरी पोहोचलेल्या गाड्या

काही एमरॅप अमेरिकेत परतल्या किंवा तिथेच होत्या, आणि त्यांच्या विल्हेवाटीत निराळ्याच प्रकारची उधळपट्टी दिसते. १९९७ या अर्थवर्षाच्या संरक्षण कायद्यातले कलम १०३३ संरक्षण खात्याला अतिरिक्त सामान पोलिसांना देण्याची परवानगी देते. सामानाची किंमत शून्य. वाहतूक आणि देखभाल मात्र पोलिसांच्या माथी. २०१३ पासून या मार्गाने एमरॅप वाटायला सुरुवात झाली आणि २०१४ च्या शरद ऋतूपर्यंत सहाशेहून अधिक गाड्या लहानमोठ्या पोलीस विभागांकडे गेल्या. ओहायो राज्य विद्यापीठाच्या पोलिसांनीही एक घेतली. ज्या गाडीचे वजन गावच्या पुलांना पेलवत नाही आणि जिचे इंधन भरताना विभागाचे अंदाजपत्रक डळमळते, ती गाडी विभागप्रमुखांनी घेतली, कारण कागदावर तिची किंमत काही लाख डॉलर होती आणि द्यायचे होते शून्य. फुकट वस्तूला नाही म्हणणे अवघड असते, आणि सरकारी विभागाला तर जास्तच, कारण न घेतल्याबद्दल जाब विचारला जाऊ शकतो, घेतल्याबद्दल सहसा कोणी विचारत नाही.

कॅलिफोर्नियातल्या डेव्हिस या विद्यापीठाच्या शहरात मात्र विचारले गेले. तिथल्या पोलिसांना आलेल्या गाडीची कागदोपत्री किंमत ६ लाख ८९ हजार डॉलर होती. ऑगस्ट २०१४ मध्ये मिसुरी राज्यातल्या फर्ग्युसनमध्ये निदर्शकांसमोर उभ्या राहिलेल्या चिलखती पोलीस गाड्यांची छायाचित्रे देशभर पसरली, आणि त्याच महिन्यात डेव्हिसच्या नगर परिषदेने ही गाडी ६० दिवसांत काढून टाकण्याचा ठराव केला. सॅन डिएगोच्या शाळा प्रशासनानेही स्वतःच्या सुरक्षा दलासाठी घेतलेली एमरॅप परत करायचे ठरवले. तिची किंमत ७ लाख ३३ हजार डॉलर लिहिलेली होती. अशा गाड्या पोलिसांकडे गेल्या तरी त्यांची मालकी संरक्षण खात्याकडेच राहते, त्यामुळे शहराला ती विकता येत नाही, भंगारात काढता येत नाही. दुसरा विभाग घेईपर्यंत किंवा खाते परत नेईपर्यंत सांभाळावी लागते. म्हणजे कंदाहारमध्ये निदान दहा-बारा हजार डॉलरमध्ये जो खर्च एकदाचा संपला, तो इथे अनेक लहान अंदाजपत्रकांत विखुरला जाऊन वर्षानुवर्षे चालू राहतो आणि कोणत्याही एका पानावर एकत्र दिसत नाही. करदाता दोन्हीकडे तोच आहे. बातमी मात्र कापलेल्या गाडीची होते, कारण तिचे छायाचित्र काढता येते.

जानेवारी २०१५ मध्ये ओबामा यांनी काढलेल्या आदेशानुसार त्याच वर्षी मे महिन्यात पोलिसांना साखळीपट्ट्याची चिलखती वाहने देण्यावर बंदी आली; चाकांवर चालणाऱ्या एमरॅप बंदीच्या यादीत नव्हत्या, त्यांच्यासाठी जास्तीची परवानगी आणि कारणे मागितली गेली. ऑगस्ट २०१७ मध्ये राष्ट्राध्यक्ष डोनाल्ड ट्रम्प यांनी तो आदेश रद्द केला. त्याच्या महिनाभर आधी हिशेबतपासणी कार्यालयाने एक चाचणी घेतली होती : अस्तित्वातच नसलेल्या एका सरकारी विभागाच्या नावाने अर्ज केला आणि रात्री दिसणाऱ्या दुर्बिणींसह शंभराहून अधिक वस्तू, सुमारे १२ लाख डॉलरच्या, सहज मिळवून दाखवल्या. आवारातून माल लवकर बाहेर काढणे हेच ज्या शाखेचे यश मानले जाते, तिथे घेणारा कोण आहे हे तपासण्याची घाई कोणाला नसते. मे २०२२ मध्ये राष्ट्राध्यक्ष जो बायडन यांनी पुन्हा निर्बंध आणले. या सगळ्या आदेशांत वाद झाला तो कोणती वस्तू द्यावी आणि कोणती देऊ नये यावर. घेणाऱ्याने निदान वाहतुकीचा आणि पाच वर्षांच्या देखभालीचा खर्च आधी लेखी मांडून दाखवावा आणि तो नगर परिषदेने मंजूर केल्याशिवाय गाडी आवाराबाहेर पडू नये, एवढी साधी अट घातली असती, तर डेव्हिसची गाडी डेव्हिसला गेलीच नसती.